तळण नसलेली दिवाळी

दिवाळी अंकासाठी लिहावयाचे म्हणजे काहीतरी खुसखुशीत लिहावयाचे, असा आमच्या संपादकांचा दंडक आहे. चकली कुरकुरीत, चिवडा चुरचुरीत आणि लेख खुसखुशीत! वर्षभर ह्या सदरात मी जे काही लिहितो ते वाचक गोड मानून घेतात. पण दिवाळीत त्यांना साखर-वेलदोडा थोडा अधिक लागतो, आणि तो त्यांचा हक्कच आहे. यंदा मात्र लिहावयास बसलो आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती गेल्या वर्षीची दिवाळी. त्या दिवाळीत आमच्या घरी तळण नव्हते.

आई श्रावणात गेली. ज्या घरी वर्षात माणूस गेले, त्या घरी सण येतो तो पाय न वाजवता. आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, आणि कढई चुलीवर चढत नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे आपापल्या घरचे फराळाचे डबे आणून देतात. ही रीत कोणी घातली कोण जाणे. पण ज्याने घातली त्याला माणसाचे मन चांगले कळत असले पाहिजे. दुःखातल्या माणसाला तळण तळावयास लावू नये; पण त्याला उपाशीही ठेवू नये!

आमचे मूळ गाव वडनेर. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता गावावरून जातो, आणि रात्री अंथरुणावर पडले की ट्रकांची घरघर ऐकू येत राहते. मी वर्ध्याला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. थोरले बंधू गावी शेती पाहतात. दिवाळीच्या सुमारास कपाशीची बोंडे फुटू लागतात. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करावयाची आमच्याकडे पद्धत. इतकी वर्षे ते आई करी. गेल्या वर्षी वहिनीने केले. कपाशीला सुतक नसते. बोंड फुटले की वेचावेच लागते.

त्या दिवाळीत आमच्या घरी जे डबे आले, त्यांतला पहिला डबा आला तो दिवाळी ज्यांचा सण नाही अशा घरून. तो घेऊन आल्या सिस्टरबाई.

सिस्टरबाई म्हणजे गावातल्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मूळच्या नगरकडच्या. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण बाईंच्या तोंडी अजून नगरच. नोकरीच्या निमित्ताने आमच्या बाजूला आल्या आणि इकडच्याच झाल्या. धर्माने ख्रिस्ती. आमच्या गल्लीत त्यांच्या धर्माचे दुसरे घर नाही. रविवारी सकाळी दार लोटून घेऊन आपले पुस्तक वाचतात, एखादे भजन म्हणतात. नाताळला नागपुरास बहिणीकडे जातात. गावातली अर्धी पोरे त्यांच्या हातांवर जन्माला आलेली. त्यामुळे रस्त्याने चालल्या की लग्न झालेले बाप्येसुद्धा विडी मागे लपवतात.

आईची शेवटची तीन महिने सेवा केली ती ह्या बाईंनी. निवृत्त झालेल्या होत्या, कोणी बोलावलेही नव्हते; पण रोज संध्याकाळी येत. आईची पाठ धुऊन पुसून पावडर लावीत, कूस बदलून देत, औषध घालीत. मी शनिवारी-रविवारी वर्ध्याहून जाई आणि उशाशी बसून राही. ‘कसं वाटतं?’ ह्या प्रश्नापलीकडे मला काही सुचत नसे. मराठीचा प्राध्यापक मी. पण आजाऱ्याच्या खोलीत माझे सगळे मराठी संपत असे.

एका शनिवारची गोष्ट. दिवेलागण झाली होती. आईची कूस बदलताना तिला फार दुखले आणि ती विव्हळली. तिचे मन दुसरीकडे वळावे म्हणून असेल, बाईंनी हळू आवाजात एक भजन धरले. आई वारकरी, गळ्यात माळ. तुकोबांचे अभंग तिला तोंडपाठ, आणि खंजिरीवर म्हटलेली तुकडोजी महाराजांची भजने तर आमच्या विदर्भात घरोघर. ती ऐकत पडून राहिली. विव्हळणे थांबले. भजन संपल्यावर तिने विचारले, “हा तुकोबाचा काय वं बाई? का महाराजांचा?”

बाई काही बोलणार तोच माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. मी म्हणालो, “आई, हा तुकोबांचा नव्हे. हा रेव्हरंड टिळकांचा. ख्रिस्ती भजन आहे.”

बोललो आणि जीभ चावली. मरणाच्या दारातल्या बाईला कर्तृत्वनिर्णय सांगावयाची काय गरज होती? पण आईने डोळे मिटले आणि म्हणाली, “असंन. ओळखीचा वाटते मले.” आणि मग थोड्या वेळाने, “अजून एक म्हणा नं, बाई.”

‘ओळखीचा वाटतो’ हा आईचा शेरा मला पुढे पुष्कळ दिवस पुरला. नारायण वामन टिळक (1861–1919) हे नाव आम्ही वर्गात ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शिकवतो आणि पुढे सरकतो. वास्तविक त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वळणाचा धागा आमच्या नागपूरच्या बाजूने जातो. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. बोलणे निघाले ते काव्यावरून. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि वाचून पाहावयास सांगितले. टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन त्यांचा पाय अडकला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ते मराठी कीर्तन-अभंगांना सोडून गेले नाहीत. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. परदेशी चालींवर बसवलेली गीते मराठी माणसाच्या गळ्याखाली उतरत नाहीत हे त्यांनी ओळखले, आणि ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारी पदे लिहिली. ‘उपासना-संगीत’ ह्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या भजनांच्या पुस्तकात त्यांची पदे पुष्कळ आहेत. वडनेरच्या एका खोलीत ती माझ्या आईला ओळखीची वाटली ती काही चुकून नव्हे.

तसे पाहिले तर ही ओळख जुनीच आहे. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने गोव्यात राहून ‘क्रिस्तपुराण’ लिहिले, ते 1616 साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ख्रिस्ताची गोष्ट मराठी माणसाला सांगावयाची तर ओवीतूनच सांगावी, हे त्याला चारशे वर्षांपूर्वी उमगले होते.

हे सगळे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. परीक्षेत ह्यावर प्रश्न काढले, उत्तरपत्रिका तपासल्या, मार्क दिले. आणि इतके करून ह्या विषयात मी स्वतः नापास होतो, हे मला गेल्या दिवाळीत कळले!

त्याचे असे झाले. मी दरवर्षी वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तला उतारा शिकवतो. मुले पोट धरधरून हसतात. टिळकांचा भोळसटपणा, घरातली ओढाताण, पाहुण्यांचा राबता, स्वतःची फजिती, सगळे बाई अशा सांगतात की हसू आवरत नाही. आणि दरवर्षी एखादी मुलगी हमखास विचारते, “सर, एवढं सगळं सोसून ह्या हसतात कशा?”

प्रश्न खरा आहे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ह्या बाईवर आभाळ कोसळले. पदरी चार वर्षांचा मुलगा. माहेर-सासर दोन्हीकडे सोवळे कडक. दुःखाने ती वेडीपिशी झाली. नातलगांच्या आधाराने दिवस काढले. जिला टिळकांनीच अक्षरओळख करून दिली होती, ती त्या दुःखात कविता करू लागली. पाच वर्षे हा झगडा चालला. नवऱ्याने ओढून नेले म्हणून ती गेली नाही. आपल्या पायांनी, आपल्या वेळेला गेली. त्याच्यापाशी राहावयास आली तरी आधी आपले सोवळे वेगळे राखले. मग मनातली जातिभेदाची गाठ एकेक करून तिने स्वतःच सोडवली, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ओवी हाती घेऊन लक्ष्मीबाईंनी त्याचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि 1936 साली त्या वारल्या.

तर, ‘ह्या हसतात कशा?’ ह्यावर माझे ठरलेले उत्तर असे. मी फळ्याकडे वळून लिहितो : ‘एक, नर्मविनोदी शैली. दोन, स्वतःच्या आयुष्याकडे पाहण्याची अलिप्तता.’ मुली उतरून घेतात. प्रश्न मिटतो. तास संपतो.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या सकाळी बाई डबा घेऊन आल्या. पितळेचा, कडीचा, जुना. आत करंज्या, चिवडा, थोडे अनारसे. वहिनीच्या हातात देऊन म्हणाल्या, “तुमच्याकडे तळण नाही ना, म्हणून.” वहिनी इतके दिवस धीराने वावरत होती, डबा हातात घेतला आणि तिला रडू कोसळले. बाईंनी तिला रडू दिले. ‘रडू नका’, ‘देवाची मर्जी’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ असले काही बोलल्या नाहीत. आलेगेले सगळे हे बोलून गेले होते, आणि मीही कितीतरी घरी जाऊन हेच बोलून आलो होतो.

मग त्या ओट्यावर येऊन बसल्या. मी शेजारी बसलो. हमरस्त्यावरून एक ट्रक गेला आणि मला एकदम आठवले. बाईंचा एकुलता एक मुलगा ह्याच रस्त्यावर गेला होता. बरीच वर्षे झाली. तो मोटारसायकलवर होता, आणि मागून ट्रक आला. बाई तेव्हा नोकरीत होत्या. त्यांनी बदली मागितली असती तर मिळाली असती. पण त्या गेल्या नाहीत. आजही त्यांच्या घरातून तोच रस्ता दिसतो.

मी विचारले, “सिस्टर, तुम्हाला देवाचा कधी राग आला नाही?”

“आला की,” त्या म्हणाल्या. “सहा महिने पुस्तक उघडलं नाही. बहीण म्हणायची, प्रार्थना कर. मी म्हटलं, कोणाची करू? ज्यानं नेलं त्याची?”

“मग?”

“मग काय, ड्यूटी होती. रात्री एक पहिलटकरीण आली. अवघड होतं; पहाटेपर्यंत चाललं. पोरगा झाला. तिच्या हातात दिला तेव्हा ती त्याच्याकडं बघून हसली, आणि मला वाटलं, आता ह्याच्या पुढं काय वाढून ठेवलंय ते हिला काय ठाऊक? मरियेला तरी कुठं ठाऊक होतं? घरी आले, आंघोळ केली, पुस्तक उघडलं. लहानपणापासून ऐकलेलीच गोष्ट हो. देवानं आपला एकुलता एक मुलगा दिला. तोपर्यंत मी ते वाक्य पाठ म्हणायची. त्या दिवशी कळलं, की ज्याच्याशी मी सहा महिने भांडतेय, त्याच्याही घरी हेच झालंय.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “भांडण मिटलं असं नाही, भाऊ. अजून कधी कधी विचारते मी त्याला. पण सुतकातल्या घरी सुतकातलंच माणूस आलं तर कसं वाटतं? ते काही समजूत घालत नाही. नुसतं बसतं. पण बरं वाटतं.”

मी म्हणालो, “पण तुम्ही नेहमी आनंदात दिसता.”

“आहेच की मी आनंदात,” बाई म्हणाल्या. “रडू येतंच. आमच्या पुस्तकात येशूसुद्धा रडला आहे, लाजराच्या थडग्यापाशी. आनंद म्हणजे रडू न येणं असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मला कोणी सांगितले नव्हते. मीच वर्गात तसे शिकवत आलो होतो! लक्ष्मीबाईंच्या हसण्याला मी ‘अलिप्तता’ म्हणत होतो. वास्तविक अलिप्त माणूस असा हसतच नाही. तो फार तर ओठ मुडपतो. ज्याला आपण कोणाचे तरी लाडके आहो ह्याची खात्री असते, तोच आपली फजिती अशी चारचौघांत सांगू शकतो. घरात लाडके असलेले मूल पडले तरी उठून हसते, तसेच हे. लक्ष्मीबाईंचे हसणे हे दुःख विसरलेल्या बाईचे हसणे नव्हे. दुःखात आपल्याला कोणी एकटे टाकले नाही, हे कळलेल्या बाईचे ते हसणे आहे.

त्या दिवशी मला पंडिता रमाबाईही वेगळ्या समजल्या. केवढे भोगले त्या बाईने! दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली; पुढे भाऊ गेला. 1880 साली लग्न, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मोठे वादळ उठले. पण पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी एक प्रांजळ कबुली दिली आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला तो त्यानंतर सात-आठ वर्षांनी. तोपर्यंत बुद्धीला पटले होते, मनाला शांती नव्हती. केवढी मोठी विदुषी! संस्कृत तोंडपाठ, शास्त्रार्थात भल्याभल्यांना ऐकत नसे. पण समाधान पांडित्याने मिळाले नाही हे सांगताना तिला कमीपणा वाटला नाही. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार बायका-मुलींना पोटाशी घेऊन ती राहिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. ते छापले गेले मुक्तिसदनाच्याच छापखान्यात. 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. त्या मधल्या महिन्यांत म्हातारी, थकलेली आई भाषांतराच्या कामाशी बसून होती. मी पूर्वी ह्याला ‘कर्तव्यनिष्ठा’ म्हणत असे. आता मला वाटते, ती आपल्या सोबत्यापाशी बसून होती.

आणि हे प्रेम नुसते बसूनही राहत नाही. ते उठून काहीतरी करू लागते. आमच्या वर्ध्यालाच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचे काम करीत. ते श्रद्धावंत ख्रिस्ती होते. विलायतेत शिकलेला हा हिशेबतपासनीस आपला धंदा सोडून गांधीजींकडे आला, आणि तेलघाणी, हातकागद, गूळ ह्यांत रमला. तुरुंगात बसून त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले. गरीब माणसाच्या भाकरीचा प्रश्न त्यांच्या लेखी प्रार्थनेहून वेगळा नव्हता. सिस्टरबाईंनी हे पुस्तक वाचले असेल असे मला वाटत नाही. पण आईची पाठ पुसताना त्या जे करीत होत्या, ते ह्याहून निराळे होते असेही वाटत नाही.

वाचकांपैकी कोणी विचारील, म्हणजे प्राध्यापकमहाशय आता ख्रिस्ती होणार की काय? नाही. आमच्या देव्हाऱ्यात विठोबा आहे, आईची माळ त्याच्यापाशी ठेवलेली आहे, आणि रोज एक फूल मी दोघांनाही वाहतो. बाईंनीही मला कधी त्यांच्या देवाकडे ये म्हटले नाही. त्यांनी मला फक्त त्यांच्या घरची वाट दाखवली, आणि ती वाट तुकोबांच्या अंगणावरून जाते हे आईने अंथरुणावर पडल्या पडल्या ओळखले होते. मला ते ओळखावयास पंधरा-वीस वर्षांचे अध्यापन आणि एक मरण लागले.

माझे एक दुःख अजून गेलेले नाही. आईच्या शेवटच्या रात्री मी वर्ध्याला होतो. दुसऱ्या दिवशी परीक्षेचे काम होते, ‘सकाळी येतो’ म्हणून फोनवर सांगितले, आणि सकाळ झालीच नाही. त्या रात्री तिच्याजवळ भाऊ-वहिनी होते, आणि बाई होत्या. मी हे बाईंना त्या ओट्यावर सांगितले. इतके दिवस कोणाला सांगितले नव्हते. मला वाटले, त्या म्हणतील, ‘जाऊ द्या, तुमचा काय दोष?’ त्या तसे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “चुकलंच ते. पण आजींनी विचारलं नाही, कुठं आहे म्हणून. एवढंच म्हणाल्या, त्याले झोपू द्या.”

मग मात्र मला रडू आवरले नाही. चूक झाली म्हणून सांगणारे आणि तरीही जवळ बसून राहणारे माणूस आयुष्यात क्वचित भेटते. बाईंच्या धर्मात ह्याला क्षमा म्हणतात. तो शब्द मी व्याकरणात, कोशात, संतसाहित्यात शेकडो वेळा वाचला होता. त्याचा अर्थ मला आमच्या ओट्यावर, तळण नसलेल्या दिवाळीत कळला.

यंदा वर्गात पुन्हा ‘स्मृतिचित्रे’ आली. एका मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी फळ्याकडे वळलो नाही. म्हटले, “मला वाटतं, त्यांच्यावर कोणीतरी फार प्रेम करीत होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.” मुलगी म्हणाली, “सर, हे परीक्षेत लिहू का?” मी म्हणालो, “लिही. मार्क मी देईन.”

बाईंचा पितळी डबा अजून आमच्याकडेच आहे. डबा रिकामा परत करू नये अशी आपली रीत, आणि गेल्या वर्षी तर भरावयास घरात काही नव्हते. वर्षभर तो फळीवर बसून होता. काल हिने तो चिंचेने घासून लख्ख केला. यंदा आमच्याकडे कढई चढली आहे. करंज्या झाल्या, थोड्या फुटल्या आहेत, कारण आईसारखी कड मुरडणे अजून हिला जमत नाही. फुटलेल्या आम्ही खाऊ, धड आहेत त्या डब्यात भरू, आणि उद्या सकाळच्या गाडीने वडनेरला जाऊ.